थँक्सगिव्हिंग २०२५ : अख्ख्या टर्कीऐवजी कटलेट (प्रकल्प नोंदी)

३ नोव्हेंबर, सोमवार

यंदा थँक्सगिव्हिंग (अमेरिकेतला सण, भाजलेल्या अख्ख्या टर्की पक्ष्याच्या जेवणाचा) २७ नोव्हेंबरला आहे आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवारही त्याच दिवशी. त्याआधी २१ पासून खंडोबाचं षड्रात्र, २६ ला चंपाषष्ठी. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, आणि सासूबाई यंदा साताऱ्याहून इथे न्यू जर्सीत आमच्याकडे आल्या आहेत. तेव्हा २१ ते २७ घरात मांसमच्छी नाही. गुरुवारी घट, शुक्रवारी सकाळी उत्तरपूजा आणि मग दुपारी नऊ माणसं जेवायला: आम्ही चौघं, शेजारचे आजी-आजोबा आणि नवऱ्याच्या ऑफिसातलं तिघांचं कुटुंब. लेकीला टर्की हवीच आहे, आणि सासूबाईंचंही म्हणणं तेच. "पोरीचा सण आहे, शुक्रवारी कर की."

अख्खी टर्की आणायची तर गणित असं. नऊ जणांना १२ ते १४ पौंडांचा पक्षी लागतो. गोठवलेला असेल तर फ्रिजमध्ये दर ४-५ पौंडांना २४ तास धरायचे, म्हणजे तीन दिवस. शुक्रवारसाठी तो मंगळवारीच फ्रिजमध्ये यायला हवा. नैवेद्याचं दूध, घटाची फळं आणि खालच्या कप्प्यात परातीत पाणी सोडणारी कच्ची टर्की, हे मला चालणार नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत तरी चालणार नाही. शिवाय ३२५ अंश फॅरनहाइटला तीन ते पावणेचार तास ओव्हन त्या एकाच पक्ष्याने अडवलेला.

म्हणून यंदा कटलेट. इथे कटलेट म्हणजे टर्कीच्या छातीच्या मांसाचा पातळ, चपटा काप. बटाट्याच्या कटलेटशी त्याचा संबंध नाही. काप मिनिटांत शिजतो. पण त्याच्याबरोबर हाडं येत नाहीत, भाजताना ट्रेमध्ये गळणारा रस येत नाही, म्हणून ग्रेव्हीची सोय वेगळी करावी लागणार. मला खरं काम तिथेच दिसतं आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुकानात दोन गोष्टी मिळाल्या: सव्वा पौंडाच्या पाकिटात तयार कापलेले कटलेट, आणि बिनहाडाची अर्धी छाती. दोन्ही आणल्या.

लेबल वाचणं फार गरजेचं आहे. इथल्या बऱ्याच टर्कींमध्ये आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं; तसं असेल तर बारीक अक्षरात 'अमुक टक्के द्रावण' असं लिहिलेलं असतं. तसल्या मांसाला नेहमीएवढं मीठ लावलं तर ते खारट होणार. मी बिनद्रावणाचंच घेतलं, म्हणजे मिठाचा हिशेब आपल्या हातात राहतो.

९ नोव्हेंबर, रविवार

काल संकष्टी होती, म्हणून चाचणी आज.

तयार पाकिटातले काप उघडले तर एकेक काप कडेला ३ मिलिमीटर आणि मध्ये १० मिलिमीटर. तसेच तव्यावर टाकले. मध्ये शिजेपर्यंत कडा वाळून गेल्या. मग उरलेले प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांत ठेवून लाटण्याने हलक्या हाताने ठोकले आणि सगळीकडून ६ मिलिमीटर केले. तोच तवा, तीच आच, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं. कडेपासून मध्यापर्यंत सारखे मऊ. एवढा फरक फक्त जाडीने पडला. ठोकायचं मधून कडेकडे, आणि लाटण्याच्या सपाट बाजूने. टोकाने मारलं की मांस फाटतं.

आणलेली छाती घरी कापून पाहिली. ती आधी अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये घट्ट करून घेतली, म्हणजे सुरी सरळ जाते. मांसाचे धागे कुठल्या दिशेला धावतात ते बघायचं आणि त्यांना आडवं कापायचं. आडव्या कापात धागे तोकडे होतात आणि घास सहज तुटतो. उभ्या कापाचा एक तुकडा मुद्दाम शिजवला: चव तीच, पण चावत बसावं लागलं. पाकिटातल्या कापांची दिशा आपल्या हातात नसते. पाहुण्यांसाठी छाती आणून घरीच कापणार हे ठरलं.

मांस धुण्यावरून सासूबाईंशी बोलणं झालं. त्या मटण तीन पाण्यांतून काढतात. इथे अमेरिकी कृषी खातं सांगतं की कोंबडी-टर्की नळाखाली धुऊ नये, कारण उडणाऱ्या शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर, भांड्यांवर जातात. त्यांना मारायला आच पुरेशी आहे. मी सासूबाईंना कागदाने दोन्ही बाजू टिपून दाखवल्या आणि तो काप तव्यावर टाकला. ओला काप आधी वाफेत शिजतो आणि पांढराच राहतो. कोरड्याला लगेच रंग येतो. त्या म्हणाल्या, "मग टिपूनच घेत जा. धुण्याचं काम झालं ना, बास."

मीठ: अर्ध्या किलोला सपाट चमचाभर, लावून तासभर फ्रिजमध्ये. मिठामुळे मांसातली काही प्रथिनं सैल होतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. अख्ख्या पक्ष्यात मीठ आतपर्यंत मुरायला एक-दोन दिवस द्यावे लागतात, सहा मिलिमीटरच्या कापाला तास पुरतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

लेकीचा प्रश्न: थँक्सगिव्हिंगला टर्की अख्खीच हवी असं कुणी ठरवलं?

तिच्यासाठी थोडं शोधलं. १६२१ मध्ये प्लिमथ या इंग्रज वसाहतीत जी सुगीची मेजवानी झाली तिच्याबद्दल तिथल्याच एडवर्ड विन्सलोचं पत्र आहे. चार माणसांनी पाखरं मारून आणली आणि वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांनी पाच हरणं आणली, असं त्यात आहे. टर्कीचं नाव नाही. पुढे सेरा जोसेफा हेल या संपादक बाईंनी हा सण देशभर एकाच दिवशी व्हावा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १८६३ मध्ये लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. चौथा गुरुवार हे १९४१ च्या कायद्याने पक्कं झालं. कापांमुळे कुठला नियम मोडत नाही, हे तिला पटलं.

तिला जास्त आवडली ती गोव्याची गोष्ट. टर्की मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत ती माणसाळवली गेली आणि तिथून युरोपात गेली. १६१२ मध्ये मुकर्रब खान या मोगल सरदाराने गोव्याहून जहांगीरच्या दरबारात जे नवलाचे पशुपक्षी नेले, त्यांत एक टर्की होती. जहांगीरने तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे: डोकं आणि गळ्याची कातडी घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत पांढरी कशी होते ते त्याने निरखून पाहिलं होतं. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. संध्याकाळभर आम्ही तिघी त्या चित्रातली पिसं मोठी करकरून बघत होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वरच्या थराची चाचणी.

नुसता मैदा: टिपलेला काप मिठा-मिरपुडीच्या मैद्यात दोन्ही बाजूंनी बुडवून झटकला. थर अगदी पातळ, रंग छान. तव्याला चिकटलेली खरवड तपकिरी आणि खमंग. त्यात थोडं पाणी घालून सोडवली की सगळी चव रसात उतरते.

मैदा, अंडं आणि ब्रेडचा चुरा: कुरकुरीत, भरीव. तेल जास्त लागतं, आणि चुरा जळू नये म्हणून आच मध्यम ठेवावी लागते.

रवा आणि तांदळाचं पीठ: सुरमईला लावतो तसंच, हळद-तिखट-मीठ लावून. लेकीने हेच उचलले. थर कडक, आत रस कोंडलेला. मात्र वर ग्रेव्ही ओतली की रवा भिजून कणकण लागतो, म्हणून हे काप कोरडेच वाढायचे, बाजूला आंबटगोड काहीतरी हवं.

निर्णय: ग्रेव्हीबरोबर मैद्याचे, मुलांसाठी थोडे रव्याचे.

आणखी एक. बिडाचा तवा आधी चांगला तापू द्यायचा आणि एका वेळी तीन-चारच काप टाकायचे. गर्दी केली की तवा थंडावतो, कापांना पाणी सुटतं आणि ते भाजायच्या ऐवजी उकडतात. आतलं तापमान १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस हवं. एवढ्या पातळ कापात थर्मामीटरची सुई वरून खुपसून उपयोग नाही. बाजूने आडवी सरकवायची.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नवऱ्याला तंगडीचंच मांस आवडतं. कटलेट छातीचे, म्हणजे तो उपाशी. त्याच्यासाठी मांड्यांचे तुकडे वेगळे आणले आणि कांदा-सुक्या खोबऱ्याच्या वाटणात रस्सा केला. तासभर मंद आचेवर शिजलं, मांस हाडापासून सुटलं आणि रश्शाला दाटपणा आला.

हा रस्सा ढवळताना अख्ख्या टर्कीतली मुळातली अडचण नीट समोर आली. टर्की दिवसभर चालते. पायांना सतत काम, म्हणून तिथे मायोग्लोबिन (प्राणवायू धरणारं लाल प्रथिन) जास्त, मांस गडद आणि कोलाजेन या चिवट प्रथिनाने बांधलेलं. ते मऊ व्हायला ८० सेल्सिअसच्या वर बराच वेळ लागतो. छातीला तसं काम नाही. ती ७०-७५ च्या पुढे गेली की पाणी सोडून कोरडी पडते. अख्खा पक्षी ओव्हनमध्ये घातला की दोघांना एकच आच आणि एकच वेळ. पायांची वाट पाहायची तर छाती वाळते, छाती सांभाळायची तर पाय चिवट राहतात. लोक छातीवर फॉइल घालतात, पक्षी उलटा भाजतात, कणा काढून सपाट करतात, ते सगळं ह्या एकाच भांडणासाठी. छातीला चार मिनिटं, मांडीला तासभर, असं ज्याचं त्याला दिलं की भांडणच उरत नाही. सोपेपणासाठी मी कटलेट निवडले होते. आज वाटतं, छातीच्या मांसासाठी हीच पद्धत न्याय्य आहे.

सासूबाईंनी रस्सा भाकरीबरोबर खाल्ला आणि कोंबडीपेक्षा ह्याला गावठी चव आहे म्हणाल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल एकादशी. आज स्टॉक (हाडं-कातडी उकळून काढलेला रस) आणि ग्रेव्ही, सकाळपासून हेच.

टर्कीचे पंख आणले, दोन किलोच्या आसपास. पंखांना कातडी आणि सांधे भरपूर, म्हणजे कोलाजेन भरपूर, आणि भावही परवडणारा. ट्रेमध्ये पसरून ४०० फॅरनहाइटला तासभर भाजले, मध्ये एकदा उलटले. गडद तपकिरी झाल्याशिवाय काढायचे नाहीत. ग्रेव्हीचा रंग आणि वास इथेच तयार होतो. ट्रेच्या तळाची खरवड पाण्याने सोडवून तीही घेतली.

मोठ्या कुकरमध्ये पंख, कांदा, गाजर, सेलरीचे दोन दांडे, तमालपत्र, मिरी, आणि पंख जेमतेम बुडतील एवढं पाणी. पहिल्या शिटीनंतर आच बारीक करून पाऊण तास. मीठ अजिबात नाही, कारण स्टॉक पुढे आटवायचा आहे. गाळून फ्रिजमध्ये ठेवला. संध्याकाळपर्यंत वर चरबीचा पिवळा थर आणि खाली थरथरणारी जेली. जेली धरली म्हणजे कोलाजेनचं जिलेटिन झालं, आणि ग्रेव्हीला जिभेवर अंग येणार. दुकानातल्या खोक्यातला स्टॉक कितीही आटवला तरी हे येत नाही, त्याला मैदा वाढवावा लागतो आणि मग खळ लागते. सगळ्या प्रकल्पात एकच गोष्ट आधी करायला वेळ असेल तर ती ही करावी, असं मी कुणालाही सांगेन.

ग्रेव्ही: चार मोठे चमचे लोणी (वरची काढलेली चरबीही निम्मी घेतली), चार मोठे चमचे मैदा. मंद आचेवर, बेसनाच्या लाडवाला भाजतो तसं, खमंग वास सुटून बदामी रंग येईपर्यंत. घाई केली की मैदा कच्चा लागतो. मग गरम स्टॉक एकेक वाटी घालत, सतत फेटत, साधारण तीन वाट्या. दहा मिनिटं उकळी. सेजची दोन-तीन पानं आणि थाइमची काडी टाकून शेवटी काढली. मीठ, मिरी, आणि थेंबभर लिंबू. लिंबू कुठल्या अमेरिकन कृतीत मी पाहिलं नाही, पण चरबी कापायला हवंच.

नऊ जणांसाठी दुप्पट केली, डब्यांत भरली, तळघरातल्या फ्रीझरमध्ये गेली. स्टॉकचा एक डबा वेगळा ठेवला, ब्रेडच्या ड्रेसिंगसाठी. पक्षी नाही म्हणजे पोटात भरायला जागा नाही. ब्रेडचे वाळवलेले तुकडे, परतलेला कांदा-सेलरी आणि स्टॉक असं ट्रेमध्येच भाजायचं. मला तेच बरं वाटतं. पोटात भरलेलं सारणही आतपर्यंत १६५ फॅरनहाइटला पोचावं लागतं, आणि तोवर छातीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बिनहाडाच्या छाती आणल्या. माणशी दीडशे ग्रॅम, वर थोडे जास्त, असे दीड किलो काप केले. एकेकावर बेकिंगचा कागद घालून चपट्या पिशव्यांत एकाच थरात भरले, हवा काढली, फ्रीझरमध्ये आडवे ठेवले. अशी चपटी पिशवी गार पाण्यात तासाभरात सुटते.

ओटा, सुऱ्या, पाट सगळं गरम पाण्याने आणि साबणाने धुतलं. २० ला अमावस्या, २१ पासून षड्रात्र. वरचा फ्रिज रिकामा आणि स्वच्छ.

२३ नोव्हेंबर, रविवार

षड्रात्र चालू आहे, पण क्रॅनबेरीला कुणाची हरकत नाही. न्यू जर्सीच्याच पाईन बॅरन्समध्ये त्या पिकतात आणि ह्या दिवसांत ताज्या मिळतात. १२ औंसांची पिशवी, वाटीभर साखर, वाटीभर पाणी, दहा मिनिटं. फळं फटफट फुटतात आणि त्यांच्यातल्या पेक्टिनने गार झाल्यावर आपोआप आळतं. हे पाहुण्यांसाठी.

दुसरी पिशवी सासूबाईंनी घेतली आणि मेथांबा केला: तेलात मोहरी, मेथीदाणे, हिंग, हळद, मग क्रॅनबेरी, तिखट, मीठ, गूळ. रव्याच्या कापांना हवं होतं ते हेच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल भरीत-रोडगा, तळी उचलली. आज घट. सासूबाईंना आणि मला उपास, दुपारी रताळ्याचा कीस. संध्याकाळी कहाणी वाचून नैवेद्याला भोपळ्याचे घारगे. रताळी आणि भोपळा दोन्ही ह्या सणाचेच, त्यामुळे लेकीला आजचा दिवस कोरडा गेला असं वाटलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेनऊला उत्तरपूजा, कलशातलं पाणी तुळशीला. दहाला तळघरातून पिशव्या आणि डबे वर आणले. काप गार पाण्यात, अकरापर्यंत सुटले. टिपून, मीठ लावून फ्रिजमध्ये. बाराला ड्रेसिंगचा ट्रे आणि रताळी ओव्हनमध्ये. अख्खा पक्षी असता तर दोन्हींना जागा मिळाली नसती. ग्रेव्ही बारीक आचेवर.

पाऊण वाजता दोन तवे एकदम चढवले. नवरा मैद्यात बुडवून देत होता, मी उलटत होते. झालेले काप २०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये जाळीवर. ताटलीत रचले तर खालचे वाफेने ओले होतात, जाळीवर कोरडे राहतात. तव्यातली खरवड प्रत्येक फेरीनंतर चमचाभर स्टॉकने सोडवून ग्रेव्हीत. पंचवीस मिनिटांत सगळं झालं.

एक उणीव खरी आहे. पाहुणे आलेले असतात आणि नेमकं तेव्हाच तव्यापाशी उभं राहावं लागतं. अख्ख्या टर्कीचं काम सकाळभर असतं, पण पाहुणे येतात तेव्हा ती काढून झाकून ठेवलेली असते आणि यजमान मोकळे. दोन तवे आणि दोन माणसं असल्याशिवाय नऊ जणांना कटलेट करू नयेत. चौघांना एक तवा पुरे.

शेजारच्या आजोबांनी ग्रेव्ही पुन्हा मागून घेतली. आजींनी काप सुरीने उलटून पाहिला आणि पंख कुठून आणले ते विचारलं. आता त्या दोघंच असतात, अख्खी टर्की त्यांनी कधीच सोडली आहे, पण ग्रेव्हीसाठी जीव तुटतो म्हणाल्या. त्यांना स्टॉकची कृती लिहून दिली आणि उरलेला डबाही. मुलांनी रव्याचे काप मेथांब्याबरोबर संपवले, आणि मग मोठ्यांनीही तोच मेथांबा मैद्याच्या कापांबरोबर घेतला. ऑफिसातल्या कुटुंबातल्या ताईंना तिखट चालेल का ही शंका होती, त्यांनी बाटली मागितली.

सासूबाई जेवायला शेवटी बसल्या. "छातीचा तुकडा एवढा मऊ लागतो होय," एवढंच म्हणाल्या, आणि दुसरा घेतला.

३० नोव्हेंबर, रविवार

चार काप उरले होते. पोळीत गार काप, क्रॅनबेरी आणि कोबीची पानं घालून डबा झाला. परत गरम करायला गेलं तर काप आणखी शिजून कोरडा होतो; गारच खावा, किंवा उकळत्या ग्रेव्हीत टाकून आच लगेच बंद करावी.

पुढे बदलायचं ते: मैद्याचे काप माणशी दीडशे ग्रॅम बरोबर होते, रव्याचे कमी पडले. ग्रेव्ही दुप्पट केलेली पुरली, तरी पंख अजून अर्धा किलो घ्यावेत, म्हणजे स्टॉकचा एक डबा घरात राहील.

४, ११ आणि १८ डिसेंबरचे गुरुवार सोडून बाकी मोकळं आहे. ६ तारखेला, शनिवारी, लेकीसाठी ८ मिलिमीटरचे काप ताकात दोन तास ठेवून रव्यात तळून बघायचे.